दाजींच्या कारखान्यातली पहिली वस्तू

माझ्या बहिणीचे यजमान तिहोमीर, म्हणजे आमचे दाजी, तळघरात होते तोवर सुखी होते. हे सगळ्यांना दिसत होतं. फक्त त्यांना दिसत नव्हतं.

तळघर म्हणजे त्रोयान शहरातल्या त्यांच्या इमारतीखालची खोली. प्रत्येक बिऱ्हाडाला एक, दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागावीत एवढी. एका बाजूला माझ्या बहिणीच्या, वेनेताताईच्या, हिवाळ्यासाठी भरून ठेवलेल्या बरण्या, दुसऱ्या बाजूला लाकडाचा ठोकळा, आणि मध्ये पोट आत घेतलेले दाजी. जन्मभर नगरपालिकेच्या पाणीखात्यात बसून नळांचे नकाशे काढलेला हा माणूस संध्याकाळी खाली उतरायचा आणि जेवणाच्या वेळी काहीतरी हातात घेऊनच वर यायचा. कधी लाटणं, कधी पक्ष्यांचं घरटं, कधी तीन पायांचं स्टूल. इमारतीतल्या निम्म्या पोरांच्या बर्फगाड्या दाजींच्या हातच्या होत्या. लांब फळी रंधायची असली की दार उघडून तिचं टोक बोळात काढावं लागे. मग येणारे-जाणारे त्या टोकाला वळसा घालून जात आणि जाता जाता चार शब्द सुनावत. दाजी हसून ऐकून घेत. ठीक चाललं होतं.

बिघडलं ते कोबीवरून. शेजारच्या खोलीत एका बाईंचं आंबवलेल्या कोबीचं पिंप होतं, आणि दाजींचा भुसा फटीतून त्यांच्या पिंपात जात होता. त्या बाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एक वाडगा कोबी भरून आणला, दाजींच्या दारात ठेवला आणि वर चमचा ठेवून निघून गेल्या. दाजींनी तो वाडगा बराच वेळ न्याहाळला. त्या दिवसापासून त्यांना जागा अपुरी पडायला लागली.

त्यात ते नुकतेच निवृत्त झालेले. सकाळपासून फोनवर जगभरच्या लोकांच्या कार्यशाळा बघत बसायचे. कुणाची विमान मावेल एवढी, कुणाची इस्पितळासारखी पांढरीशुभ्र. त्या कार्यशाळांमधले लोक काय बनवत होते हे दाजींना विचारलं तर सांगता येत नसे. पण त्यांची हत्यारं कशी टांगलेली होती ते तोंडपाठ होतं.

मग एक दिवस दाजी लोव्हेचला माझ्या औषधांच्या दुकानात आले. काखेत नकाशाची गुंडाळी. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांना बाजूला सारून त्यांनी ती काउंटरवर पसरली. स्लिवार गावात आमच्या वडिलांचं घर आहे आणि घरामागे गुरांचा गोठा. वडील गेले, गुरं त्याआधीच गेली, आणि गोठा अर्धा ताईचा, अर्धा माझा असा रिकामा पडला होता. त्या गोठ्याची कार्यशाळा करायची, असा बेत होता. तिथे ते गादुल्का बनवणार होते, म्हणजे आपलं तारांचं लोकवाद्य, मांडीवर उभं धरून वाजवतात ते. दुर्बीण बनवणार होते. डुलणारी खुर्ची बनवणार होते. एक छोटी होडीही यादीत होती. स्लिवारपासून समुद्र कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा गावात कुणाला धड सांगता येणार नाही, पण होडी होती. माझी हरकत नव्हती. दाजी म्हणाले, दोन महिन्यांत सगळं उभं राहील. कोणत्या वर्षातले दोन महिने, हे मी विचारलं नाही.

आधी जमीन. गुरांना चालत होती ती जमीन यंत्रांना चालत नाही, असं दाजींचं म्हणणं. ती खणली, त्यावर काँक्रीट ओतलं, ते वाळल्यावर दाजींनी मधोमध काचेची गोटी ठेवली. गोटी हळूच निघाली आणि दाराकडे जाऊन थांबली. दाजींनी जमीन पुन्हा केली. दुसऱ्या वेळी गोटी खिडकीकडे गेली. तिसऱ्या वेळी गोटी जागची हलली नाही. ती बघायला दाजींनी मला लोव्हेचहून बोलावून घेतलं होतं. मी गाडी काढून डोंगर चढून गेलो आणि एक गोटी न हलताना बघून परत आलो.

मग खिडक्या. उत्तरेच्या उजेडात सावली पडत नाही असं त्यांनी कुठेसं ऐकलं होतं, म्हणून उत्तरेची भिंत फोडून तीन मोठ्या खिडक्या बसवल्या. आमच्याकडे उत्तरेकडून उजेड येतो की नाही हे मला सांगता येणार नाही. वारा मात्र येतो, आणि आता तोही सावली न पाडता आत यायला लागला. मग वारा अडवायला भिंतींना आतून जाड अस्तर. मग विजेची दणकट लाइन, जिच्यासाठी गावात दोन नवे खांब आले. मग रंध्याचं यंत्र. बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्यातलं, हिरवं, हत्तीएवढं. ते दारातून जाईना. दाजींनी पश्चिमेची भिंत पाडली, यंत्र आत घेतलं आणि भिंत पुन्हा बांधली. आता ते आयुष्यात बाहेर निघणार नाही. ताई म्हणाली, "आमच्या लग्नासारखंच झालं की."

हत्यारांच्या भिंतीवर दाजींनी विशेष जीव ओतला. करवती, पटाश्या, गिरमिटं, काटकोनाचे गुण्ये, कानशी, सगळं रांगेत टांगलं, आणि प्रत्येकाभोवती पांढऱ्या रंगाने त्याचीच आकृती काढली, म्हणजे एखादं हत्यार जागेवर नसलं तर लगेच कळावं. खून झालेल्या जागी पोलीस खडूने आखतात, तशी ती भिंत दिसायची. पण एकही आकृती कधी रिकामी दिसली नाही, कारण एकही हत्यार कधी खाली उतरलं नाही. तळघरातली जुनी करवत नि रंधा दाजींनी कुणाला तरी देऊन टाकले होते. नव्या जागेत ते बरे दिसले नसते.

शेवटी शेगडी आली. थंडीत लाकूड चिकटवायचा सरस धरत नाही, म्हणून लाकडाची मोठी शेगडी. शेगडी आली तशी माणसं आली. स्लिवारमध्ये हिवाळ्यात माणसं मोजकी उरतात आणि उबेची जागा त्याहून मोजकी. दाजींनी सरसासाठी पेटवलेल्या शेगडीभोवती आधी दोन खुर्च्या आल्या, मग कुणीतरी घरातला जुना सोफा आणून टाकला, मग सोंगट्यांचा पट आला, आणि त्यामागून राकियाची, म्हणजे फळांच्या घरगुती दारूची, बाटली आली, आंबवलेल्या मिरच्यांची बशी आली. शाळेच्या सुतारकामाच्या वर्गातलं भक्कम टेबल दाजींनी शाळा बंद पडल्यावर मिळवलं होतं. त्याच्या गुळगुळीत फळीवर आता सॉसेजचे काप होत असत.

या मंडळींत रोजचे म्हणजे कान्यो आजोबा. आयुष्यभर त्यांनी दुधाची गाडी चालवली होती. ऐंशी उलटली होती, बायको केव्हाच गेली होती, मुलगी स्पेनमध्ये. सकाळी दहाच्या सुमाराला ते काठी टेकत यायचे, शेगडीजवळच्या खुर्चीत बसायचे, टोपी गुडघ्यावर ठेवायचे आणि रोज तोच प्रश्न विचारायचे.

"काय मास्तर, आज काय नाही केलं?"

दाजी गंभीरपणे उत्तर द्यायचे. आज भुसा ओढून घेणारा पंखा बसवला. आज पंख्याचा पाइप बदलला. कान्यो आजोबा मान डोलवायचे, म्हणायचे, भुसा यायच्या आधीच त्याची सोय झाली, बरं झालं, गाफील राहू नये. दाजी चिडायचे नाहीत. मनात मात्र लागत असावं, कारण आजोबा घरी गेले की ते कोपऱ्यातल्या फळ्यांपाशी जाऊन उभे राहायचे.

त्या फळ्या आमच्याच अंगणातल्या अक्रोडाच्या. वडिलांच्या वेळचं झाड एका वादळात पडलं, दाजींनी त्याचे जाड तक्ते काढून आणले आणि मध्ये पट्ट्या घालून एकावर एक रचून ठेवले. लाकूड असं होतं की नुसता ओला हात फिरवला तरी आतून रेघा वर यायच्या, तपकिरी, मधेच काळसर, जणू कुणी शाई सांडलीय. दाजी त्यांना कुणाला हात लावू देत नसत. ते वाळायचे होते. आणि वाळल्यावर ते योग्य कामालाच लागणार होते. योग्य काम कोणतं, ते ठरायचं होतं.

अशी तीन-चार वर्षं गेली. या काळात दाजींच्या कार्यशाळेत एकही वस्तू बनली नाही. ताईने एकदा पावाच्या सुऱ्याची निखळलेली मूठ बसवायला दिली होती. ती तिने शेवटी बाजारातून करून आणली.

त्या वर्षी जानेवारीत मी योर्डनच्या, म्हणजे नदीच्या पाण्याला आशीर्वाद देण्याच्या, सणाला स्लिवारला गेलो आणि अडकलो. बर्फ सुरू झालं ते थांबेना. तारा तुटल्या, वीज गेली. खालच्या रस्त्यावर बर्फ काढायला आलेलं यंत्र स्वतःच घसरून ओढ्यात पडलं, आणि आता त्याला काढायला दुसरं यंत्र यायचं होतं. गावात आम्ही दहा-बारा माणसं, त्यात धडधाकट म्हणावीत अशी पाच. फोन चालू होता, एवढंच काय ते जगाशी नातं.

त्यातच एका सकाळी कान्यो आजोबा आले नाहीत. दहा वाजून गेले, शेगडी धगधगत होती, त्यांची खुर्ची रिकामी. दाजी दोनदा खिडकीपर्यंत जाऊन आले. मग मी आणि ते बर्फ तुडवत त्यांच्या घरी गेलो. आजोबा पलंगावर उशाला टेकून बसले होते, एक बूट पायात, एक हातात. आमच्याकडेच यायला निघाले असावेत. दाजींनी त्यांच्या हातातला बूट काढून घेतला आणि तो कुठे ठेवावा हे न सुचून बराच वेळ तसेच धरून उभे राहिले.

दुपारी सगळं गाव त्या घरात जमलं. सरपंच दोचो त्रोयानला फोन लावून आला. अंत्यविधीवाल्यांची गाडी रस्ता उघडेपर्यंत येऊ शकत नव्हती. शवपेटीही नाही आणि पाद्रीही नाही. दोचोचं म्हणणं पडलं की थंडी एवढी आहे, मागच्या खोलीत ठेवू, चादर घालू, रस्ता झाला की सगळं रीतसर करू.

गेना आजी भिंतीशी बसल्या होत्या. कान्यो आजोबांच्या शेजारीण, वयाने त्यांच्याच आगेमागे. त्या म्हणाल्या, "बटाट्याच्या पोत्यासारखा ठेवणार का त्याला? गावात देवळापेक्षा मोठा कारखाना उभाय. चार फळ्या जोडायला तिथे काय अमेरिकेतून माणूस यायचाय?"

सगळे दाजींकडे बघायला लागले. दाजी आधी म्हणाले की वीज नाही, यंत्र चालणार नाही. मग म्हणाले की साधं पाइनचं लाकूडच नाही. मग म्हणाले, अक्रोड आहे, पण तो अजून पुरता वाळलेला नाही.

"तोही वाळलेला नाही," गेना आजी पलंगाकडे हात करून म्हणाल्या. "दोघं मिळून वाळतील."

वेनेताताईने तेव्हा दाजींच्या दंडाला नुसता हात लावला. टोमणा नाही, काही नाही. माझ्या बहिणीला मी जन्मापासून ओळखतो आणि तिने अशी संधी कधी सोडलेली मला आठवत नाही. दाजींनी खिशातून मोजपट्टी काढली. ते म्हणाले, मला जरा एकटं सोडा, मापं घ्यायची आहेत.

आम्ही बाहेर थांबलो. एका माणसाची मापं घ्यायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ ते आत होते. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि हातात कागद होता. त्यावर वरून, समोरून आणि बाजूने अशी तीन चित्रं काढलेली. पाणीखात्याची सवय. दोचोने तो कागद बघून विचारलं की नळ कुठे बसणार. त्याला कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कामाला लागलो. तेव्हा कळलं की ज्या हत्यारांच्या भिंतीची आम्ही इतकी वर्षं आरती ओवाळली, तिच्यातल्या एकाही पटाशीला धार नव्हती. जशी खोक्यातून निघाली तशीच टांगलेली. दाजींनी मला निसणा दिला, पाण्याचं भांडं दिलं आणि कोपऱ्यात बसवलं. औषधांच्या दुकानात बसून नाजूक झालेले माझे हात दुपारपर्यंत सोलवटून निघाले. एक एक करून भिंतीवरच्या आकृत्या रिकाम्या होत गेल्या. हिरवं यंत्र मधोमध उभं होतं, आणि त्याच्या अंगावर आमचे कोट टांगलेले होते. सुरुवातीपासून ते कशाच्या तरी उपयोगाला यावं असं माझं म्हणणं होतंच.

दाजींनी पहिला तक्ता खाली काढला, त्यावर हात फिरवला, पेन्सिलीने रेघ मारली आणि करवत चालवली. कापलं ते वाकडं. आमच्याकडे न बघता त्यांनी दुसरी रेघ मारली. ती थोडी कमी वाकडी. तिसऱ्या कापाला करवतीचा आवाज बदलला. तळघरातून वर जिन्यात ऐकू यायचा तसा झाला, एकसारखा, न अडखळणारा. ताई तक्त्याचं दुसरं टोक धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

दोचो खिळ्यांचा डबा घेऊन आला. त्याचं म्हणणं, दणादण ठोकून टाकू, मातीखाली कोण बघतंय. दाजींनी डबा घेतला, झाकण लावलं आणि परत त्याच्या हातात दिला. "खिळे नकोत," ते म्हणाले. "कोपरे एकमेकांत बसवायचेत. आणि इथे मी सांगेन तसं होईल, दोचो. नाहीतर तू घरी जा." इतक्या वर्षांत दाजींनी कुणाला घरी जा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. दोचो गेला नाही. त्याला पॉलिश पेपर दिला, तो घासत बसला.

अडचण जाडीची होती. यंत्राविना तक्ते पातळ करता येईनात. हाताने ते करायचं तर वसंत उजाडला असता. म्हणून जाडी तशीच ठेवली, नुसतं वरचं अंग रंधलं. त्याच्या पुढच्या दुपारी पेटी पुरी झाली. गेना आजींनी आत लोकरीचं विणलेलं अंथरूण घातलं. दाजींनी वरून अक्रोडाचंच तेल चोळलं, आणि त्या बर्फाच्या उजेडात रेघा अशा वर आल्या की दोचोनेही हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. मी टिंगल करणारा माणूस आहे, पण सांगतो, मी त्याहून सुंदर वस्तू फार पाहिलेल्या नाहीत. आणि उजेड उत्तरेकडचाच होता. सावली पडत नव्हती.

आता ती उचलायची होती. पाच जणांनी धरली, हाक दिली, पेटी हलली नाही. रिकामीच. कान्यो आजोबांच्या दारातून ती आत जाण्याचाही प्रश्न नव्हता, दार अरुंद होतं. शेवटी दुसऱ्या सकाळी आजोबांनाच बर्फगाडीवरून कार्यशाळेत आणलं. ते रोज ज्या वेळी यायचे त्याच सुमाराला आले. गेना आजींनी त्यांची टोपी नीट केली, मेणबत्त्या लावल्या, आणि पाद्री नव्हता म्हणून जे काय आठवत होतं ते स्वतःच म्हटलं. काही ओळी त्यांनी दोनदा म्हटल्या, काही गाळल्या. दाजी पेटीच्या पायथ्याशी उभे होते. मध्येच त्यांनी खाली वाकून अंगठ्याने एक कोपरा चाचपला, बरोबर बसलाय ना म्हणून.

स्मशान वरच्या अंगाला आहे. पेटी सगळ्यांनी मिळून पहारींनी रेटत गवत वाहायच्या मोठ्या घसरगाडीवर सरकवली, पुढे दोर बांधले आणि ओढायला लागलो. बायका मागून ढकलत होत्या. देवळाच्या वळणापर्यंत पोचलो आणि तिथे दोचोचा पाय घसरला. दोर सुटला. बायका बाजूला झाल्या, ते त्यांनी शहाणपणाचं केलं, आणि कान्यो आजोबा उताराला लागले. इतक्या वजनाची वस्तू एकदा निघाली की तिला थांबवणं माणसाचं काम नाही. दाजी तिच्यामागे धावत होते, पडत होते, पुन्हा धावत होते. गाडी सगळा उतार न डगमगता उतरली, कोपऱ्यावर जन्मभर दुधाची गाडी हाकलेल्या माणसासारखी सफाईने वळली, आणि थेट कार्यशाळेच्या फाटकाशी जाऊन थांबली.

आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा दाजी गुडघ्यांवर बसून कोपरे तपासत होते. चारही जागच्या जागी. साधा ओरखडा नव्हता.

गेना आजी सर्वांत शेवटी आल्या, काठीवर वाकून दम घेतला. "शेगडीपाशीच बसायचंय म्हणतोय," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यातसुद्धा उठायचा नाही तिथून."

तेव्हा दाजी हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. ताईने त्यांच्या कोटावरचं बर्फ झटकलं, आणि आम्ही पुन्हा दोर हातात घेतले. दुसऱ्या वेळी वर गेलो.

रस्ता उघडला, वीज आली, स्पेनहून आजोबांची मुलगी आली. तिने पेटी पाहिली नव्हती, फोटो पाहिला. दाजींचा हात धरून ती काहीतरी हळू बोलली, ते मला ऐकू आलं नाही. दाजी मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, झालं, आता गाडी रुळावर आली. आता गादुल्का होईल.

वसंतात गेना आजी कार्यशाळेत आल्या, कोट काढून सोफ्यावर ठेवला आणि टेबलाला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या. दाजींना कळेना. त्या म्हणाल्या, "घे मापं. लाकूड तेच हवं. आणि मला कमरेशी जरा ऐसपैस कर, मला एका कुशीवर झोपायची सवय आहे." दाजींनी सांगून पाहिलं की आजी, तुम्ही तर ठणठणीत आहात. आजी म्हणाल्या, म्हणूनच आत्ता आले, मागून येता येणार नाही.

मग रांग लागली. स्लिवारमध्ये पोरं नाहीत, लग्नं नाहीत, पाळणा कुणाला नको, होडी कुणाला नको. जे हवं होतं ते दाजींना जमतं हे गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं. शेजारच्या दोन गावांतून निरोप आले. एक बाई नवऱ्याला घेऊन आली. नवरा बाहेरच घुटमळत होता, बायको मापं सांगत होती. अक्रोड सगळ्यांना पुरणार नव्हता, तो गेना आजींच्या वाट्याला आला, बाकीच्यांना बीचचं आणि पाइनचं लाकूड. हिरवं यंत्र एकदाचं सुरू झालं तेव्हा गावातली कुत्री दोन दिवस भुंकत होती. तयार पेट्या लोक घरी घेऊन जात आणि माळ्यावर ठेवत. काहींनी त्यात घेवडा भरला. गेना आजींनी आपलीत सुकवलेली आलुबुखारं ठेवली आणि आल्यागेल्याला त्यातूनच काढून देऊ लागल्या. आलुबुखारं उत्तम राहिली म्हणे, झाकण इतकं घट्ट बसतं.

दाजींना आता क्षणाची फुरसत नसते. फोनवर कुणाच्या कार्यशाळा बघणं बंद झालं. भिंतीवरच्या निम्म्या आकृत्या कायम रिकाम्या असतात आणि हत्यारं कुठेही पडलेली. सोफ्यावरची मंडळी मात्र पांगली. कारण दाजी बोलता बोलता माणसाचे आधी खांदे बघतात, मग टाचेपर्यंत नजर नेतात आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतात. सोंगट्या खेळताना ते कुणाला सहन होत नाही.

ताईने उन्हाळ्यात स्वयंपाकघरासाठी कपाट मागितलं. आठवडाभरात मिळालं. वरती रुंद, खाली निमुळतं, खांद्यापाशी कोन. "दार उघडताना मी आधी टिचकी मारते," ती मला म्हणाली. "कुणी असलं तर."

परवा सफरचंदं उतरवायला मी स्लिवारला गेलो होतो. दाजींनी मला हाक मारून आत बोलावलं आणि खिशातून मोजपट्टी काढली. मी म्हणालो, दाजी, मी चोपन्न वर्षांचा आहे, घाई नको. ते म्हणाले, गप बस.

मी उभाच होतो. "बस म्हणालो ना," ते म्हणाले आणि पायाने एक खोकं माझ्याकडे सरकवलं. मी बसलो. त्यांनी जमिनीपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं, गुडघ्यापासून कमरेपर्यंत घेतलं. मग मागे जाऊन पाठीवर पट्टी धरली. मला सरळ बसायला सांगितलं, मग म्हणाले, नको, तू एरवी बसतोस तसाच बस. मी पाठ सैल सोडली. पट्टी मणक्यावरून सावकाश खाली सरकत गेली. मी या माणसाची इतकी वर्षं टिंगल करत आलोय, आणि तिथे मी तो सांगेल तसा बसत होतो.

"कुठलं लाकूड?" मी विचारलं.

"अक्रोडाचे दोन तुकडे उरलेत," दाजी कागदावर आकडा लिहीत म्हणाले. "आणि डुलताना पुढे फार जाऊ नकोस. तू वजनाने वाढलायस."